तळ्याकाठचा तंबू

"तंबू केवढा असतोय, आई?" सोनीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"तुझ्या आप्पाला विचार." जयवंता डब्यात भाजके शेंगदाणे भरत होती. तिचा नवरा परशराम सकाळीच बांबूचे तट्टे आणि ताडपत्री घेऊन तळ्याकाठच्या आमराईत गेला होता. कॅम्पातले साहेब सुट्टीत राहतात तसं राहायचं, असं पोरीला सांगून ठेवलेलं. आळीतली चार बिऱ्हाडं कालच तिकडं गेली होती. सोनीला कधी एकदा उजाडतंय असं झालं होतं.

"आणि कौलं का काढायची?"

"आपण न्हाय तवर घरात ऊन पडू दे की."

सगळं ठरलं होतं. अडलं होतं एका माणसापाशी. सासू नागुबाई यायला तयार नव्हती, आणि तिला मागं ठेवून जयवंता उंबरा ओलांडणार नव्हती.

"आत्ती, चला की. झाडाखाली चूल मांडू. पोरीला तुमच्याबिगर झोप लागत न्हाय."

"मागावर लुगडं अर्धं हाय. ते टाकून साहेबीण व्हऊ व्हय मी?" नागुबाई हसली, मग देव्हाऱ्याकडं बघत म्हणाली, "थोरला ल्योक गेला त्या साली सोडलंतं हे घर. परत आलो तवा त्यो न्हवता. आता न्हाय सोडायचं."

जयवंतानं डब्याचं झाकण लावलं. पहाटे परसात जाळ केला, त्याचा रॉकेलचा वास हाताला अजून होता. तिनं पुन्हा राखेनं हात घासले आणि सोनीला न्हाणीत नेलं. मानेला, काखेत, जांघेत गुदगुल्या केल्या. तीन दिवस रोज हाच खेळ. पोर खिदळत सुटली.

दुपारी नागुबाई मागावर गेली. बराच वेळ धोट्याचा आवाज आला नाही. जयवंतानं डोकावून पाहिलं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचे, तर म्हातारी काठावरच पाय पोटाशी घेऊन बसलेली.

"काय झालं, आत्ती?"

"पायाला मुंग्या आल्यात. सोनीला बलीव."

सोनी आली. आजीनं तिला जवळ ओढलं आणि गाठ चाचपावी तशी काखेत बोटं फिरवली.

"आजे, तुला पण येतोय हा खेळ?"

नागुबाई उठली. कात्री घेऊन तिनं मागावरचं लुगडं मधेच कापलं. चाळीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. देव्हाऱ्यातला थोरल्याचा टाक पुसून कनवटीला लावला.

"आत्ती, अहो, अर्धंच?"

"उद्या कशाला? आत्ताच निघायचं."

सोनी टाळ्या पिटत अंगणात पळाली. ती लांब गेली तशी नागुबाई हळूच म्हणाली, "पहाटं तू एकच जाळलास, पोरी. खड्ड्यात आणखी तीन उंदीर मरून पडलेत."