दोन गोळ्यांचे चार वाटे

पुनम सिस्टरने पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. सहा वर्षांची रंजीता तव्यासारखी तापली होती. डोळे अर्धे उघडे. पण हाक मारली तरी पापणी हलत नव्हती.

"गोळ्या देल्या का हिले?"

"देल्या ना बाई." पोरीच्या आईने, सोमारीने, रिकामं पाकीट पुढे केलं. "परवा तर अंगणात खेळून राह्यली होती."

चार दिवसांपूर्वी याच ओट्यावर पोरीच्या बोटातलं रक्त तपासून पुनमने मलेरियाच्या गोळ्या समजावल्या होत्या. आज या, उद्या ही, परवा ही. ताप उतरला तरी थांबायचं नाही. तीनदा सोमारीकडून म्हणवून घेतलं होतं. चौथ्या वेळी ती हसली होती, "पोपट समजली का बाई मले?" हिला कळलं, या समाधानात पुनम नाला ओलांडून परतली होती.

"तिन्ही दिवस देल्या?"

"पह्यल्या दिवसाच्या साऱ्या देल्या. मंग दोन उरल्या, त्याचे चार वाटे केले."

"वाटे?"

"ललिताच्या पोराले ताप, लहानूच्या बुढीले ताप, तिकडं अन्नपूर्णाच्या घरी ताप. अख्खा टोला फणफणून राह्यला, न् मी एकटीच कशी देऊ माह्या पोरीले?"

तिच्या आवाजात चोरी नव्हती. या टोल्यावर, नाल्याकाठच्या या लहानशा वस्तीत, नाल्यातले मासे वाटायला पानांवर मांडतात, तेव्हा जे घर पाण्यात उतरलंच नाही, त्याचंही पान मांडतात. सोमारीने विळ्याने गोळ्या कापल्या होत्या, अगदी सारख्या. रंजीताचा वाटा दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगितल्या वेळेला दिला होता.

आणखी कोणाकोणाला ताप आहे, हे पुनमने त्या दिवशी विचारलंच नव्हतं.

"खाट काढा, सोमाजीभाऊ," ती पोरीच्या बापाला म्हणाली. "लवकर." सुई होती ती नाल्यापल्याड दवाखान्यात, आणि नाला छातीभर वाहत होता.

खाट उचलणार तोच ललिता धावत आली. धापा टाकत तिने पदराची गाठ सोडली. आत अर्धी गोळी होती.

"माह्या पोराचा ताप आपसूक उतरला. म्या नाई देल्ली त्याले. हिले दे."

सोमारीने तो तुकडा पोरीच्या ओठांशी नेला. दातखीळ बसली होती. तुकडा पोरीच्या घशात अडकला असता; पुनमने सोमारीचा हात धरायला हवा होता. तिला तो धरवला नाही.

"घे माय," सोमारी म्हणत होती, "घे, तुहाच आहे."