उद्घाटनाचा चारा

चारा योजनेच्या उद्घाटनाला पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांनी सुगलाबाईच्या हातात ट्रे दिला. त्यात मातीशिवाय उगवलेला, मोड येऊन वीतभर वाढलेला मक्याचा हिरवागार चारा होता. तिने तो आपल्या शेळ्यामेंढ्यांपुढे धरला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. लगेच शिपायाने उरलेले सगळे ट्रे जीपमध्ये चढवले.

“साहेब, आमचा चारा?”

“बाई, हे प्रात्यक्षिक होतं. आता शेजारच्या गावात उद्घाटन आहे.”

चव लागलेला कळप जीपमागे धावत सुटला आणि कळपामागे सुगलाबाई. धापा टाकत ती पोचली, तर साहेब कपाळाला हात लावून बसलेले. तिथली जनावरं माळावर चरायला गेली होती आणि फोटोसाठी एकही शेळी नव्हती.

“देवासारख्या धावून आलात, बाई! धरा ट्रे.”

सुगलाबाईने कळप अडवला. “आधी माझी जितराबं पोटभर खाऊ द्या, मग काढा फोटो.”

त्या उन्हाळ्यात अकरा गावांत उद्घाटनं झाली. अकराही फोटोंत सुगलाबाईचाच कळप होता, दरवेळी थोडा अधिक गुबगुबीत. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘या चाऱ्याने जनावरे धष्टपुष्ट झाली.’ अख्ख्या अहवालात तेवढं एकच वाक्य खरं होतं.