एकवीस म्हणजे एकवीस

पेनल्टी मिळाली होती खरी, पण कशाबद्दल, हे शिट्टी वाजवणाऱ्या कोचलाही सांगता आलं नसतं. क्लबचे अध्यक्ष स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडले होते. आसपास चिटपाखरूही नव्हतं. पण साहेब पडले म्हणजे कुणीतरी पाडलंच असणार, एवढी अक्कल कोचला नोकरीनं शिकवली होती.

साहेब उठले, गुडघे झटकले आणि चेंडू खुणेवर ठेवला. समोर संघाचा दुसरा गोलकीपर उभा होता.

आता साहेब मैदानात आले कसे, तेही ऐका. त्यांचा खुर्च्यांचा कारखाना. संघात तीस खेळाडू कशाला, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. "खुर्चीला चार पाय लागतात. लागला तर असू दे म्हणून पाचवा बसवतो का मी?" असं म्हणून त्यांनी संघाची आदर्श संख्या जाहीर करून टाकली. एकवीस. यामागे शास्त्र आहे म्हणाले. संघाच्या नव्या बसमध्ये एकवीस सीट होत्या. बस आधी आली, शास्त्र मागाहून आलं. नऊ जणांना नारळ मिळाला. मग सराव सामन्याला दोन बाजू पाडायला गेले, तर एक माणूस कमी! "त्यात काय एवढं? मी आहे की," साहेब म्हणाले, आणि पोटावरून ओढूनताणून जर्सी खाली आणली.

सामना संपला की उरलेल्या एकवीस जणांच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. तोवर सगळ्यांचाच जीव टांगणीला. गोलकीपरचा जरा जास्त. मैदानामागच्या क्लबच्या दोन खोल्यांत त्याचा संसार होता. नोकरी गेली की खोल्या गेल्या, मुलीची जवळची शाळाही गेली. सकाळी हातमोज्याचा उसवलेला अंगठा शिवून देताना बायकोनं बजावलं होतं, "अहो, तुमचा ताठा आज इथेच खुंटीला टांगून जा. एक चेंडू सोडलात तर आभाळ कोसळणार नाही."

बोलायला काय जातं! या माणसानं आजवर जाणूनबुजून एकही चेंडू सोडला नव्हता. अंगणात स्वतःच्या एवढ्याशा मुलीलाही गोल करू दिला नव्हता. ती भोकाड पसरायची, आणि हा तिची समजूत काढण्याऐवजी तिला पुन्हा चेंडू मारायला लावायचा.

साहेब लांबून धावत आले. मध्येच दम लागला म्हणून थोडं चालले. मग मारला एकदाचा. चेंडू सरळ गोलकीपरकडेच निघाला, तोही रमतगमत. गोलकीपरनं डोळे मिटले आणि भलत्याच बाजूला झेप घेतली. आपटला, कोपर खरचटलं, मान वर करून पाहतो तर चेंडू अजून वाटेतच! आणि येत होता तो नेमका त्याच्या पसरलेल्या पायाच्या रोखानं. त्यानं पाय हळूच मागे घेतला. चेंडू कसाबसा रेषेपलीकडे गेला आणि थांबला.

"गोल!" सगळे ओरडले. ज्यांच्यावर गोल झाला ते जास्त मोठ्यानं ओरडले. गोलकीपरला स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी. मग दोन खोल्या आठवल्या आणि तो उठून टाळ्या वाजवू लागला.

साहेबांचा चेहरा फुलला होता. डोळ्यांत पाणीही आलं असावं, किंवा घाम असेल. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"कोच, मलाही संघात धरा. पुढच्या सामन्यापासून मी खेळणार. अंगात एवढा खेळ असताना बाहेर बसणं म्हणजे क्लबशी गद्दारी आहे."

"वा, साहेब! उत्तमच!" कोच म्हणाले. मग जरा चाचरले. "फक्त... मग आपण बावीस होतो."

"छे, छे. एकवीस म्हणजे एकवीस. शास्त्र आहे त्यामागे. एकाला काढावं लागेल."

कुणी कुणाकडे बघेना. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, पुढे झाले आणि गोलकीपरच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, बाळा. पण तूच सांग, माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाचा चेंडू ज्याला अडवता येत नाही, त्याला संघात ठेवून मी करू काय?"