फलकावरचं नाव

शाळेत असताना त्याचं एकच ध्येय होतं: दारातल्या गुणवंतांच्या फलकावर आपलं नाव झळकलं पाहिजे. अभ्यासाशी मात्र उभं वैर. तो नववीत दोनदा बसला, तेव्हा गणिताचे सर म्हणाले होते, "तुझ्या पेपरात अक्षर तेवढं बघण्यासारखं असतं."

आता तोच फलक रंगवायला तो दरवर्षी शिडी घेऊन येतो. यंदा पहिल्या आलेल्या मुलीचं नाव सोनेरी रंगात लिहून होतंय, तोच खालून म्हाताऱ्या सरांनी हाक मारली, "काय पेंटर, तुझं नाव राहिलंच की रे!"

"राहतंय कसलं? चष्मा लावा, सर. प्रत्येक वर्षाखाली कोपऱ्यात माझी सही आहे. हुशार पोरं एकदाच आली आणि पुढे गेली. मी आपला वीस वर्षं इथंच बसलोय."