चष्म्याची डबी

कंपनीचे किचकट करार ग्राहकांसाठी सोप्या भाषेत लिहायचे, ही माझी नोकरी. प्रत्येक मसुदा मी आधी बाबांना वाचायला द्यायचे. ते अडले की चष्म्याच्या डबीने टेबलावर टकटक करायचे. मी मुकाट्याने ते वाक्य बदलायचे. आजचा करार कंपनीच्याच वृद्धाश्रमाचा होता आणि ग्राहक होते खुद्द बाबा. गॅस चालू ठेवून ते फिरायला जायला लागले, तेव्हा माझा नाइलाज झाला. ‘निवासींचे निर्गमन पूर्वसंमतीस अधीन राहील’ खोडून मी लिहिलं होतं, ‘घरच्यांनी परवानगी दिली तरच बाहेर जाता येईल.’ बाबांनी शेवटपर्यंत वाचलं. डबी वाजली नाही. “छान लिहिलंयस गं,” म्हणत त्यांनी सही केली. मग टकटक झाली. “दार आतून उघडतं का, तेवढं लिहायचं राहिलंय.” मी पेन उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादा अवघड शब्द हवा होता.