येळवशीचं प्लॅनिंग

खिरीची पळी ताटावर आली आणि निकितानं हात आडवा धरला.

येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. मुरुमचं अख्खं गाव आपापल्या रानात, कडब्याच्या खोपीपुढं जेवायला बसलेलं. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. तिथं घरची सूनच नको म्हणते म्हणजे काय? सत्यभामाबाईंची पळी हवेतच थांबली.

"आगं, पहिलीच तर वाढतीया," त्या म्हणाल्या.

"नको आई. पालेभाज्यांची भज्जी द्या अजून. गोड बंद केलंय मी."

"बंद? का म्हून?"

निकितानं नवऱ्याकडं पाहिलं. अमरसिंह मान खाली घालून खिरीची तिसरी वाटी संपवत होता. तिकडून काही मदत येण्यासारखी नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "आमचं प्लॅनिंग चालू आहे ना, म्हणून."

सत्यभामाबाईंनी पळी पातेल्यात सोडून दिली. हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. तिसऱ्या बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात त्यांचं स्वतःचं प्लॅनिंग झालं होतं. गावात त्याचा अर्थ एकच, आता पोरं पुरे. आणि इथं लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता.

"एक बी लेकरू न्हाय आन् प्लॅनिंग?" त्या नवऱ्याकडं वळल्या. "आवं, ऐकलंत का?"

बलभीमरावांनी ऐकलं होतं. लगेच बोलावं लागू नये म्हणून त्यांनी आंबिलीचा मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवला.

"मग म्या कुणाच्या तोंडाकडं बघून जगायचं?" पदर डोळ्याला लागला. बाईंना खरंच रडू आलं होतं.

निकिताला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा हसावं की रडावं तेही कळेना. "आई, ते प्लॅनिंग नाही हो. बाळ होण्यासाठीचं. उमरग्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दिवस जायच्या आधीच वजन थोडं उतरवा. गोड, तळलेलं कमी करा, डाळी, पालेभाज्या खा, रोज चाला. गोळ्यासुद्धा आत्तापासूनच दिल्यात."

"तुला सांगितलं?"

"दोघांना. यांना माझ्यापेक्षा जास्त."

अमरसिंहची वाटी ओठापाशी अडली. सत्यभामाबाई लेकाकडं बघतच राहिल्या. शर्टाच्या मधल्या गुंड्या कशाबशा तग धरून होत्या. ते पोट म्हणजे त्यांच्याच हातची कमाई. तीन वर्षं त्या सुनेला उपास सांगत होत्या आणि लेकाला तूप वाढत होत्या.

बलभीमरावांनी आता आंबील गिळली. "म्हंजी आपूनच आडवं आलो म्हणायचं." बायकोला एवढं बोलायची संधी त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती.

बाईंनी लेकाच्या हातातली वाटी काढून घेतली.

"ऊठ. वढ्यापतूर चालून ये."

"आई, येळवशीला?"

"ऊठ म्हणते न्हवं."

तो उठला, कुरकुरत बांधाला लागला. त्या सुनेशेजारी टेकल्या आणि तिच्या ताटात भज्जी वाढली.

"ही चालती न्हवं?"

"चालते."

"लई भ्या वाटलं गं मला," त्या हळूच म्हणाल्या. निकितानं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिलाही बाळ हवं होतं, त्यांच्याइतकंच. फक्त ते मोठ्यानं बोलायची तिला भीती वाटायची.

तिकडं अमरसिंह शेजारच्या रानापर्यंत पोचला होता. पण येळवशीला खोपीवरून कुणाला उपाशी जाऊ देतात का? तिथल्या कोंडीरामनं धावत येऊन त्याचा हात धरला आणि पंगतीत बसवला. अमरसिंहनंही फार ओढाताण केली नाही.

सत्यभामाबाई ताडकन उठल्या, बांधावर चढल्या, आणि आजवर कुणाच्या पंगतीत म्हटलं नव्हतं ते साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कोंडीराम, त्येला खीर वाढू नगंस."

आजूबाजूच्या खोपींतली माणसं वळून बघायला लागली. कोंडीराम भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. "का वं काकू? काय झालं?"

"आजून न्हाय झालं," त्या म्हणाल्या. "पर हुईल."