नव्या फॉलोअरला मेसेज

दादा गेल्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि त्याचं पेज मी चालवू लागले. नव्या फॉलोअरला आपोआप जाणारा मेसेज त्यानेच लिहिला होता : "स्वागत. सहापर्यंत दुकानात आहे."

मेलेल्या माणसाने स्वागत करणं बरं दिसेना. मी तो बंद केला.

सोमवारी एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, ही ठमी कोण? पेज फॉलो केलं तर मला मेसेज आलाय, 'ठमे, कधी येतेस?'"

मला ठमी फक्त दादा म्हणायचा.

मंगळवारी सात नव्या फॉलोअरना तेच गेलं.

नवरा हसला. "अगं, तू स्वतः कुठे फॉलो केलंयस? तुला मिळणार कसा?"

दुपारी दुकानात एकटी असताना मी फॉलोचं बटण दाबलं.

"आलीस ठमे! शटर मी आतून लावलंय."